मांडणीवरचा हात

राजूरला रोज दुपारी दोनला खाणीत ब्लास्टिंग होतं. आधी भोंगा वाजतो, मग पायाखालची जमीन हलते आणि घराघरांत भांडी खणखणतात. मारोतीच्या घरची भांडी मात्र बेचाळीस वर्षं वाजली नव्हती. भोंगा झाला की त्याची बायको इंदूबाई अर्धी थापलेली भाकरी सोडून उठायची, पिठाचा हात तसाच मांडणीच्या कडेवर टेकवायची आणि हादरा जाईपर्यंत धरून उभी राहायची. माघात ती गेली. तेव्हापासून भांडी रोज वाजत. मारोती ती धरायला उठत नसे.

दिवाळीनंतर धम्मरत्न कुत्रा घेऊन आला. वणीत जखमी जनावरं उचलून नेणाऱ्या पोरांपैकी तो. कुत्रा तांबूस, मानेवर साखळीचा वळ. कोणी खोकललं तरी जागेवर मुतायचा.

"काका, दोन घरं झाली. दोघांयनंबी आठ दिवसांत वापस केला. धीरानं घेनारं घर भेटेपर्यंत ठेवा."

"रोज ब्लास्टिंग होते इथं. भित्र्या कुत्र्याले चांगलं घर पाह्यलंस, बाबू."

"तुमच्याइतकं शांत घर दुसरं नाही, काका."

मारोतीने कुत्र्याची दोरी हातात घेतली.

पहिल्या दुपारी भोंगा झाला तसा कुत्रा खाटेखाली घुसला. नखांतून रक्त येईपर्यंत त्याने फरशी उकरली. मारोती शेजारी जमिनीवर बसून राहिला. हात लावला नाही, बोलला नाही. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी भोंगा झाल्यावर कुत्रा खाटेखालून बाहेर आला, स्वयंपाकघरात गेला आणि मांडणीसमोर मान वर करून बसला. जमीन हादरली. शेजारी रामीबाईकडची भांडी वाजली.

मारोतीकडची वाजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने नीट पाहिलं. खाली ठेवलेल्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं. मांडणीवरचे पेले जागचे हलले नाहीत. कुत्र्याची शेपटी फरशीवर हळू आपटत होती.

आणखी दोन दिवसांनी मांडणीच्या कडेवर पिठाचा हात उमटलेला दिसला. मारोतीला डबा येत होता. घरात पीठ नव्हतं.

त्याने तो पुसला नाही. दोनचं जेवण तो तिथंच बसून जेवू लागला. किती महिन्यांनी त्याला भूक लागत होती.

मग धम्मरत्नचा फोन आला. यवतमाळला पुष्पाबाई म्हणून निवृत्त नर्स होत्या. एकट्या राहायच्या, घर शांत, कशाची घाई नाही.

"आता घाबरत नाही तो," मारोती म्हणाला.

"काका, जीव लागला म्हनून म्हनता न?"

खरं सांगितलं असतं तरी पोराला ते निमित्तच वाटलं असतं. मारोतीने विचार केला. हात घरातला आहे, कुत्र्याला तो फक्त दिसतो. कुत्र्याला बिनआवाजाचं घर मिळेल. हात इथंच राहील.

"ने," तो म्हणाला.

सकाळी गाडी आली. कुत्रा दारात थांबला, स्वयंपाकघराकडे बघत राहिला. कोणी चप्पल घालेपर्यंत थांबावं, तेवढाच. मग आपणहून गाडीत चढला.

दोनला मारोती मांडणीसमोर बसला. भोंगा झाला.

भांडी वाजली.

एक पितळी डबा खाली पडला आणि गडगडत दारापर्यंत गेला. मारोतीने कडेवरून बोट फिरवलं. पिठाचा कणही नव्हता.

संध्याकाळी पुष्पाबाईंचा फोन आला.

"भाऊ, जेवला बरं तो. बिलकुल भेला नाही. दुपारपासून मांडणीसमोरच बसून हाये. अन् मांडणीवर पिठाचा हात उमटला हाये. माह्या हातापरीस लहान. मी तं आज पिठाले हात नाही लावला."

"पुसला काय?"

"नाही अजून."

मारोती पडलेल्या डब्याकडे बघत राहिला.

"नका पुसू," तो म्हणाला. "नवीन घर हाये तिले. जरा धीरानं घ्या."