पलीकडून ओढलेली ताडपत्री

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या गुणाजीकाकांच्या बाबतीत घडलंय. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं, तेही खिडक्या लावून घेऊन.

साल १९८६. मे महिना. घाटकोपर पश्चिमेची गाळ्यांची एक चार मजली इमारत.

आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

संपानंतर गुणाजीची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. मेहुणा लवूही त्याच गिरणीतला. दोघांनी मिळेल ते काम करून पाहिलं. शेवटी उन्हावर वीज करणारी पॅनेलं बसवायचं शिक्षण निघालं, त्यात दोघांनी नावं घातली. हेही हुकलं असतं तर बिऱ्हाड गुंडाळून गावची वाट धरायची वेळ होती.

शिकवायला मार्तंड सर होते. ते रोज एकच बजावत.

"घरातली वीज बटण दाबलं की जाते. ही जात नाही. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंत. आधी ताडपत्री टाका, मग वायरीला हात लावा. ओळीतलं एक पॅनेल जरी पुरतं झाकलं, तरी सगळ्या ओळीचा जोर ओसरतो. आणि कोणी चिकटला तर त्याला हात लावू नका. सुकं लाकूड घ्या."

त्या दुपारी सर बाकीच्यांना घेऊन जेवायला उतरले. गच्चीवर हे दोघेच.

पॅनेलांवर ताडपत्री होती. लवू एक जोड सोडवायला वाकला.

...आणि ताडपत्री सरकली.

वारा नव्हता. शेजारच्या गच्चीवरचे कपडे हलतसुद्धा नव्हते.

लवूची मूठ उघड्या तारेवर आवळली. तोंड वासलेलं, आवाज नाही. अंग थरथरायला लागलं.

गुणाजी हात लावायला धावला आणि थबकला. सरांचे शब्द आठवले. त्याने बाजूला पडलेली सुकी काठी उचलून लवूच्या मनगटावर मारली.

मूठ सुटली नाही.

पुन्हा मारली. लोखंडावर मारावी तशी काठी परत आली.

काठी टाकून त्याने ताडपत्री पॅनेलांवर ओढली. कोपऱ्यावर वीट ठेवली.

वीट घरंगळली. ताडपत्री हळूहळू... झोपलेल्या माणसाची चादर ओढावी तशी... पलीकडे जाऊ लागली.

गुणाजीने टोक धरलं.

पलीकडून हिसका बसला.

तो गुडघ्यांवर आपटला. त्या बाजूला कठडा नव्हता. उभं राहायला जागा नव्हती. चार मजली खोल नुसती हवा.

आणि तिथून कोणीतरी ओढत होतं.

"सर," तो ओरडला. "कोणी आहे का रे खाली?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं... गाळ्यांतल्या मशिनींचा आवाज थांबलाय. रस्त्याचा आवाज नाही. कावळे नाहीत. फक्त लवूचे दात वाजतायत.

ताडपत्री हातातून निसटून कडेपलीकडे गेली.

लवूचे डोळे पांढरे होत होते. बायकोला, सुलक्षणाला काय सांगू, एवढंच गुणाजीच्या डोक्यात होतं. तिचा एकुलता भाऊ.

झाकायला दुसरं काही नव्हतं. तो स्वतःच पॅनेलच्या काचेवर पालथा पडला. हातपाय आवळून, छाती टेकून त्याने ते अंगाखाली झाकलं.

मे महिन्याच्या उन्हात सकाळपासून तापलेली काच...

ती गार होती. विहिरीच्या पाण्यासारखी.

आणि काचेच्या खालून, त्याच्या छातीशी, कोणीतरी टकटक केलं.

तो उठला नाही. डोळे मिटून पडून राहिला. "सोड रे त्याला," एवढंच म्हणत राहिला. कोणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

धप्प आवाज झाला. लवू सुटून पडला होता. खाली मशिनी सुरू झाल्या होत्या.

लवू वाचला, उजव्या हाताची दोन बोटं मात्र गेली. ताडपत्री कुठेच मिळाली नाही. इमारतीच्या दारात भाजी विकणारी अंजनाबाई म्हणाली, "दुपारभर इथंच बसलेय मी. वरून काहीच पडलं नाही."

दोघांनी ते शिक्षण सोडलं. सुलक्षणाकाकीने जेवणाचे डबे सुरू केले, त्यावर घर तरलं.

लवू इस्पितळात शुद्धीवर आला तेव्हा गुणाजी उशाशी होता.

"भावोजी, तार चिकटली नव्हती. कोणीतरी माझी मूठ दाबून धरली होती."

"कोणी?"

"दिसला नाही. कानाशी बोलत होता. तुम्ही काचेवर पडलात ना, तेव्हा त्याने तुमचं नाव विचारलं." लवू रडायला लागला. "मी सांगितलं. मग त्याने सोडलं."

काका आता थकलेत. दुपारी कोणी नावाने हाक मारली तर ओ देत नाहीत. लोकांना वाटतं, कान गेलेत.

मलाही तसंच वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. दार बंद. घरात आम्ही दोघंच. खिडकीबाहेरून, चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेरून, कोणीतरी हळूच म्हणालं...

"गुणाजी."

काकांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.