साळूबाईंच्या आवाजाची चोरी

“साहेब, माझ्यावर चोरीचा आळ आलाय,” एवढे म्हणून भिमाजी खुर्चीच्या कडेवर टेकला.

कानिफनाथांनी वही उघडली. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून ते आपले मित्र गिदोन पाटोळे यांच्या नगरमधल्या खासगी तपास कचेरीत येऊन बसत. खुर्चीच्या कडेवर बसणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी दडलेले असते, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

गिदोनरावांनी मात्र पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. “काय चोरलं म्हणतात?”

“आवाज.”

कानिफनाथांची पेन्सिल थांबली.

भिमाजी हळूहळू बोलता झाला. त्याचे सोनईला रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. गावातले आप्पासाहेब साखर कारखान्यातून हेड फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला. दोन वर्षांपूर्वी, एकाहत्तर साली, त्याने वडिलांसाठी परदेशी टेपरेकॉर्डर आणला. त्याच्या जोडीला दोन स्पीकरच्या पेट्या. आप्पासाहेबांनी त्यावर बायकोचा, साळूबाईंचा आवाज भरून ठेवला होता.

“गाणं न्हाई, काई न्हाई,” भिमाजी म्हणाला. “काकी गोधडी शिवता शिवता आप्पांवर खेकसत हुत्या, तेवढंच. पन ऐकताना वाटायचं, काकी समोरच बसल्यात.”

“मग?”

“काकी आजारी पडल्या, त्याच वक्ताला मशीनचा रबरी पट्टा तुटला. मशीन अन् पेट्या माझ्याकडं आल्या. पट्टा मुंबईवरनं यायला दीड महिना गेला. तवर काकी...” त्याने तांब्यातून घोटभर पाणी घेतले. “दिवस झाल्यावर मशीन घरी गेलं. आप्पांनी लावलं, अन् म्हनाले, ही माझी साळू न्हाई. मी पेट्यांतले चांगले भोंगे काढून इकले अन् हलके बसवले, असं भर पेठेत म्हनाले. सोमवारी फौजदाराकडं जानार हायेत. आठ दिवस झाले, दुकानात एक रेडिओ आला न्हाई.”

“तुम्ही पेट्या उघडल्या होत्या?”

“न्हाई जी. पट्टा मशीनमधी असतो. पेट्या फक्त वाजवून बघायला ठेवल्या हुत्या.” भिमाजीने डोळे पुसले. “चोर म्हनाले त्याचं येवढं न्हाई वाटत, साहेब. काकीचा आवाज इकून खाल्ला म्हनाले. माझी आई मी रांगत हुतो तवाच गेली. दोन्ही वक्ताचं काकीनंच घातलंय मला.”

तो गेल्यावर कानिफनाथ म्हणाले, “रडला छान. पण भोंगे त्यानंच विकलेत.”

“उद्या शनिवार,” गिदोनराव म्हणाले. “पहिली एस.टी. धरू.”

घोडेगाव मागे पडले, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. माघाची थंडी अजून ओसरली नव्हती. गिदोनराव खिडकीशी बसून चर्चमधले एक गीत गुणगुणत होते.

“आवाज चांगला आहे तुमचा,” कानिफनाथ म्हणाले.

“मंगळवारी ऐका. गाण्याच्या तालमीला चर्चचं देऊळ रिकामं असतं, तेव्हा मी मोठा गवई असतो. रविवारी देऊळ माणसांनी भरलं, की तोच गिदोन साधा माणूस होतो.”

कानिफनाथ हसले आणि विसरून गेले.

भिमाजीचे दुकान म्हणजे एका खोलीचा पुढचा अर्धा भाग. मागच्या अर्ध्या भागात आसाराम गाद्या भरत असे. कापसाची पोती आढ्याला भिडली होती.

गिदोनरावांनी आत येताच एकदा जोरात टाळी वाजवली. कानिफनाथांना वाटले, डास मारला.

“आसारामभाऊ, मशीन इथं वाजवलं, तेव्हा तुम्ही होता?”

“व्हतो की. साळूबाई कानाशी बोलतीया असं वाटलं बगा. मी हातातलं काम ठिवलं अन् टोपी काढली.”

“म्हणजे आवाज बिघडलेला नव्हता?”

“बिघडलेला? आवो, भिमा रडला, म्या रडलो. बिघडलेल्या आवाजाला कोन रडतं?”

बाहेर आल्यावर कानिफनाथ पुटपुटले, “एका छपराखालचे दोघे. यांची साक्ष कोर्टात टिकायची नाही.”

आप्पासाहेब उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी पाहुण्यांना माजघरात नेले. खोली ऐसपैस होती आणि भिंतींना नवा चुना दिलेला होता. दोन स्पीकर समोरच्या दोन कोपऱ्यांत भिंतींना चिकटून उभे होते. त्यांच्या समोरच्या भिंतीशी एक लांबलचक लाकडी घडवंची होती आणि तिच्यावर हार घातलेला साळूबाईंचा फोटो. बाकी सगळी मोकळी फरशी.

गिदोनरावांनी पुन्हा टाळी वाजवली.

“इथंही डास?” कानिफनाथांनी विचारले.

“इथले फार मोठे,” गिदोनराव म्हणाले.

“तीस वर्सं कारखान्यात काढली मी,” आप्पासाहेब म्हणाले. “बेअरिंग कोरडं पडलं, तर भिंतीपल्याडनं सांगायचो. माझा कान मला फसवत न्हाई, साहेब. ऐका तुमीच.”

त्यांनी टेप लावली. खरखरीनंतर एक बाई बोलू लागली, “आवो, ते बटन सोडा न् च्या घ्या. थंड व्हतोय...” पण शब्द एकमेकांत मिसळत होते. खालचा सूर घुमत होता आणि वरचा पत्र्यासारखा वाजत होता. कोणी विहिरीच्या तळातून बोलावे, तसे. आप्पासाहेबांनी बटण दाबून यंत्र बंद केले.

“ही व्हय माझी साळू?” त्यांचा ताठपणा क्षणभर मोडला. “तिचं एवढंच उरलं हुतं माझ्याकडं. ती गेली तवापासनं हे घर खायला उठतंय. वाटलं, हिचा आवाज तरी सोबत करील.”

गिदोनरावांनी स्पीकरच्या मागच्या फळीपाशी बैठक मारली. “नाथराव, हे लाल ठिपके मोजा.”

प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर कारखान्याने लाखेचा एक थेंब सोडलेला होता. कानिफनाथांनी मोजले : एका पेटीला आठ, दुसरीला आठ.

“एखादा तडकलेला?”

“नाही.”

“लिहून ठेवा.”

पेट्या दुकानातून घरी आणणारा आप्पासाहेबांचा पुतण्या पुंजाराम ओसरीवर भेटला. कानिफनाथांना त्याची नजर आवडली नाही. त्यांनी स्वतःच विचारले, “मशीन लग्नात वाजवायला मागत होतास म्हणे?”

“मागत हुतो. चुलत्यानं हाकलून दिलं. पेट्या मीच गाडीतनं आनल्या, पन सरळ घरी. वाटंत कुठं थांबलो न्हाई.”

“घरात कुठं ठेवल्या?” गिदोनरावांनी विचारले.

“आदी भिंतीपासनं हातभर फुडं असायच्या. भेटायला येनाऱ्यांच्या पायात येत हुत्या, म्हनून कोपऱ्यात सारल्या. त्यात काय गुना झाला?”

मुलगी बनुबाई आईच्या दिवसांसाठी माहेरी आली होती, ती अजून थांबली होती. तिने चहा आणला.

“चुना तुम्हीच दिला?”

“व्हय. समदं घर रितं केलं, धुतलं. आईचं अंथरून-पांघरून रीतीपरमानं आळीतल्या बायांना वाटलं. लई गोधड्या हुत्या. अठरा.”

“नंतर घरात कसं वाटतं?”

“कसं वाटनार? घर खायला उठतं. रातच्याला मी नुसती खोकले, तरी दचकते.”

कुंपणापलीकडून शेजारीण राहीबाईने मान वर केली. “साळूबाईच्या घरात पाऊल टाकलं की खायला उठतं बाई. चार शब्द बोलायला गेलं, तर आपलाच आवाज अंगावर येतो.”

गिदोनरावांनी वही मागून घेतली आणि लिहिले : ‘घर खायला उठतं – तिघे.’

“दुःखात माणसं असंच म्हणतात,” कानिफनाथ म्हणाले. “हा काय पुरावा झाला?”

“तिघांपैकी एकालाही ठाऊक नाही, की ते पुरावा देताहेत. म्हणून तर चांगला.”

मग ते राहीबाईच्या कुंपणाशी जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले.

रविवारी, उन्हे उतरल्यावर, माजघरात सगळे जमले. भिमाजी दाराशी उभा राहिला. त्याला कोणी बस म्हटले नाही.

“आप्पासाहेब,” गिदोनरावांनी सुरुवात केली, “तुमचा कान फसलेला नाही. आवाज बदललाय, हे खरं. पण बेअरिंग वाजलं, म्हणून तुम्ही कामगाराला चोर ठरवलंत का कधी? आधी यंत्र तपासलंत.”

गिदोनरावांनी पेटीच्या मागच्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवले.

“पेट्यांच्या सोळाही स्क्रूंवरची लाख अभंग आहे. तो थेंब फोडल्यावाचून स्क्रू फिरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे भोंगे तेच आहेत. दुकानात हीच टेप, याच पेट्यांवर, आसारामभाऊंना रडवून गेली. इथं मात्र तीच बाई परकी वाटते. पेटी तीच, टेप तीच. मग बदललं काय?”

“जागा,” कानिफनाथ अभावितपणे बोलून गेले आणि स्वतःच चकित झाले.

“बरोबर, नाथराव. स्पीकर एकटा कधी बोलत नाही. त्याच्याबरोबर खोली बोलते. पेटीतून निघालेला आवाज थोडा थेट कानावर येतो. उरलेला भिंतींवर, फरशीवर आपटून मागाहून येतो. भिंत कठीण असेल, तर तो पुन:पुन्हा परततो आणि पहिल्या शब्दाचा घुमारा दुसऱ्या शब्दावर चढतो. दुकानात मी टाळी वाजवली, ती कापसाच्या पोत्यांनी जागच्या जागी गिळली. इथं वाजवली, ती खोलीभर फिरून आली. ते डास नव्हते, नाथराव.”

आसाराम खुदकन हसला.

“पुंजारामनं पेट्या कोपऱ्यांत सारल्या. दोन भिंती आणि फरशी मिळून तिथं कर्ण्यासारखं काम करतात आणि खालचा सूर फुगवतात. ते घुमणं म्हणजे हेच. त्याचा गुन्हा नाही. त्याला काय माहीत? पण पत्र्यासारखं वाजणं, शब्दांची सरमिसळ, त्याचं कारण वेगळं.” त्यांनी घडवंचीकडे पाहिले. “बनुताई, हा फोटो ठेवला, त्याआधी या घडवंचीवर काय होतं?”

बनुबाईचा हात तोंडाशी गेला. “आईच्या गोधड्या.”

“अठरा. घड्या घालून, एकीवर एक, पुरुषभर उंच. बरोबर पेट्यांसमोर. जुन्या लुगड्यांचे थरांवर थर, म्हणजे आवाज शोषून घेणारी भिंतच. साळूबाई जिवंत होत्या, तोवर या खोलीतला सगळा घुमारा त्यांच्या हातचे टाके गिळत होते. तुम्ही रीत पाळलीत आणि ती भिंत घराबाहेर गेली. टेप मात्र जवळ माईक धरून भरलेली. तिच्यात कसलाही घुमारा नाही. जो ऐकू येतो, तो या रित्या खोलीचा.”

ते आप्पासाहेबांकडे वळले. “घर खायला उठतं, असं तुम्ही तिघांनी सांगितलंत. सगळ्यांनी ते दुःख समजून ऐकलं. मी त्यातलं निम्मं आवाजाचं गणित समजून ऐकलं. बनुताई स्वतःच्या खोकल्याला दचकतात. राहीबाईंचा आवाज त्यांच्याच अंगावर येतो. दुःखानं मन रितं होतं, आप्पासाहेब. इथं खोलीही खरोखर रिती झाली होती.”



“पन त्या आईच्या नावानं दिलेल्या,” बनुबाई कळवळून म्हणाली. “दिलेलं परत कसं मागू?”

“मागायचं कशाला?” दारातून राहीबाईचा आवाज आला. “गोधडी परत न्हाईच द्यायची. पन थंडी हाय, गोधडी पांघरून शेजारनीकडं येऊन बसलं तर कोन अडवतंय?”

तिच्यामागे आळीतल्या बाया उभ्या होत्या. कोणी खडीच्या कामावरून थेट आलेली, हातापायांवर अजून धूळ. प्रत्येकीच्या अंगावर एकेक गोधडी. काही जणींनी लेकरांना त्यातच गुंडाळून आणले होते. त्या एकेक करून घडवंचीसमोर, भिंतीच्या कडेने दाटीवाटीने बसल्या. गिदोनराव आणि पुंजारामने पेट्या कोपऱ्यांतून काढून हातभर पुढे ओढल्या.

“तुमी लावा,” आप्पासाहेब गिदोनरावांना म्हणाले. “माझ्यानं न्हाई हुयाचं.”

“मला यंत्रातलं कळत नाही,” गिदोनराव म्हणाले आणि दाराकडे पाहिले.

भिमाजी पुढे आला. त्याने टेप लावली. खरखर झाली, आणि मग, अगदी समोर, हात लावावा इतक्या जवळून, साळूबाई बोलल्या :

“आवो, ते बटन सोडा न् च्या घ्या. थंड व्हतोय. काय आयकता त्यात येवढं? मी हाय की हितं. मी कुटं चाललेय?”

सुई कापडातून ओढल्याचा बारीक आवाजसुद्धा आला. राहीबाईने गोधडीच्या काठात तोंड लपवले. कानिफनाथांनी चष्मा काढून उगाचच पुसला. आप्पासाहेब डोळे मिटून बसले होते. आपल्या बायकोने उत्तराची वाट पाहावी, तेवढा वेळ थांबून ते हळूच म्हणाले, “घेतो, घेतो.”

टेप संपली. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा भिमाजी निघून गेला होता.

सोमवारी सकाळी नगरच्या गाडीची वाट पाहत गिदोनराव आणि कानिफनाथ पेठेत उभे होते. पेठ भरली होती. आप्पासाहेब धुतलेले धोतर, कोट आणि फेटा अशा पोशाखात, छातीशी एक मोठा रेडिओ धरून, मधल्या रस्त्याने चालत आले. लोक बाजूला झाले. फौजदाराची कचेरी डावीकडे होती. ते उजवीकडे वळले.

भिमाजी दुकानाच्या दाराच्या फळ्या काढत होता. आप्पासाहेबांनी रेडिओ फळीवर ठेवला.

“दुरुस्तीला आनलाय,” ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

भिमाजीने खाली मान घालून कळ फिरवली. रेडिओ स्वच्छ बोलू लागला. त्याने दुसरे स्टेशन लावले; तेही स्वच्छ. “आप्पा, ह्याला काय झालंय?”

“ह्याला काई न्हाई झालेलं,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. “मला झालं हुतं, पोरा. तू ठिवून घे. चार दिस दुकानात दिसू दे.”

भिमाजीने रेडिओ उचलला, आतल्या फडताळात न ठेवता पुढच्या फळीवर, रस्त्यावरून दिसेल असा ठेवला आणि पावतीबुक काढले.

“नाव?” त्याने विचारले आणि पेन्सिल पावतीवर टेकवली.

“लिव्ह की माझं,” आप्पासाहेब म्हणाले, आणि पावती होईस्तोवर दुकानाच्या पायरीवर बसून राहिले.