बर्फाखालचा दोर

नाताळच्या ताटात आमच्याकडे मासा लागतोच, आणि तो एक दिवस मिठात मुरलेला हवा. म्हणून त्या सकाळी मी आणि माझा नवरा एलिस जाळं काढायला तळ्यावर निघालो. आई चुलीपाशी सलगम सोलत होती. "लवकर या," म्हणाली, "मांस भट्टीत घालायचंय. ते भांडं मला एकटीला उचलवत नाही."

पूर्व फिनलंडात त्या दिवसांत उजेड येतो तो टेकतो न टेकतो तोच निघतो. थंडी अशी की नाकातला श्वास आतल्या आत कुरकुरत होता. तळ्यावर धुकं बसलं होतं. मधूनच बर्फ खोलवरून हुंकारायचा. तो आवाज आमच्या लहानपणापासून सवयीचा, पण त्या वर्षी मला नकोसा झाला होता. मागच्या नाताळच्या तोंडावर माझा धाकटा भाऊ तौनो याच तळ्यात बुडाला होता. कुणाला न सांगता एकटाच गेला होता, असं एलिसनं मला सांगितलं होतं. वसंतात बर्फ वितळल्यावर तौनो सापडला. त्याच्या पेटीला एलिसनंही खांदा दिला. रडला होता तो. मी त्याचे डोळे पुसले होते.

बर्फात दोन भोकं पाडलेली असतात आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत पाण्याखाली जाळं ताणलेलं असतं. एकानं एका भोकातून जाळं ओढून घ्यायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या भोकाशी बसून जाळ्याला बांधलेला दोर हळूहळू सोडत राहायचा. एलिस जाळ्याकडे होता, मी दोराकडे. मधलं धुकं इतकं दाट की तो मला दिसत नव्हता. फक्त त्याचं खोकणं ऐकू येत होतं.

दोर एका लयीत माझ्या हातातून सरकत होता. मग थांबला.

आणि हिसके आले. दोन छोटे, एक लांब.

माझे हात तसेच राहिले. लहानपणी मी तौनोला घसरगाडीवर बसवून बर्फातून ओढायची, तेव्हा मागून तो दोराला असे हिसके द्यायचा. ताई, थांब, मी पडतोय, असा त्याचा अर्थ. आम्हा दोघांशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं.

"एलिस... तू ओढलंस?"

"नाही. जाळं अडकलंय कुठंतरी. का?"

हिसके परत आले. दोर एलिसच्या बाजूला जात नव्हता. सरळ खाली, माझ्या पायांखाली चालला होता.

"दोन छोटे आणि एक लांब हिसका येतोय," मी म्हणाले.

धुक्यातलं खोकणं थांबलं. मग अगदी हलक्या आवाजात तो म्हणाला, "हिल्का, सोड तो दोर."

"का?"

"सोड म्हणतो ना... तेव्हाही तो असाच ओढत होता."

मी दोर मनगटाला गुंडाळून घट्ट धरला. "तेव्हा म्हणजे कधी?"

तो धुक्यातून माझ्याकडे आला, रिकाम्या हातांनी. माझ्याकडे बघत नव्हता, भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत होता.

"बर्फ माझ्याही पायाखाली तडकत होता," तो म्हणाला. "मी दोर टाकला त्याला. त्यानं धरलाही. मग... मी सोडला."

मला तौनोचं बुडणं डोळ्यांपुढे आलं नाही. मला आठवला त्या दिवशी घरी आलेला एलिस. बूट काढून, लापशीची वाटी चाटूनपुसून संपवून त्यानं मला विचारलं होतं, "तौनो आला नाही का अजून?"

हातातला दोर एकदम सैल पडला.

जाळं तिथेच राहिलं. मी पुढे, तो मागे, असे घरी आलो. अंगावरचा कोटही न काढता मी आईला सगळं सांगितलं. तिची सुरी थांबली नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यानं त्याच रात्री मला सांगितलं. तुझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हे मीच त्याला बजावलं."

"आई, तौनो तुझा मुलगा होता."

"होता. एक गेला. दुसऱ्याला हाकललं असतं तर लाकडं कुणी फोडली असती, तू? उद्या सण आहे. डोळे पूस आणि भांड्याला हात लाव."

वर्षभर मी या दोघांच्या मध्ये बसून जेवत होते. तौनोबद्दल बोलत होते, आणि दोघं माना हलवत होती.

मी दाराकडे वळले. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. तेवढ्यात आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एलिस, सौना तू पेटवलीस?"

तळ्याकाठच्या आमच्या सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीच्या, धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. घरातली आम्ही तिघं इथं आतच होतो. मग तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला, अंगणापलीकडून, स्पष्ट.

आईनं शेवटी सुरी खाली ठेवली. "जा," ती एलिसला म्हणाली. "तुलाच बोलावतोय." वर्षभर ज्याला पाठीशी घातलं, त्याला तिनं स्वतः दार उघडून दिलं.

तो मुकाट्यानं गेला. बराच वेळ आला नाही, म्हणून शेवटी मीच गेले. आत चूल थंडगार होती. राख जुनी, बादलीतलं पाणी गोठून दगड झालेलं. एलिस बसायच्या वरच्या फळीवर कपड्यांनिशी बसला होता, अगदी कडेला, भिंतीला चिकटून. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही..." एलिस पुटपुटला. "थोडं सरक, एवढंच."

त्याला आता खूप वर्षं झाली. आई गेली. मी तिच्या खोलीत झोपते, त्या नाताळपासूनच. चर्चमध्ये एलिस बाकाच्या टोकाला बसतो. घरात खुर्चीवरसुद्धा अर्धा टेकतो. रात्री भिंतीला लागून झोपतो.

सकाळी त्याचं अंथरूण मी आवरते. भिंतीकडची त्याची बाजू बर्फासारखी गार असते. जिथे कुणी झोपत नाही, ती बाजू ऊबदार लागते.