डांबर संपल्यावर

मी अजूनही सायकल चालवतो, पण डांबरावरच. गंगापूर रोडने धरणापर्यंत जायचं आणि तिथून माघारी वळायचं. बरोबरची मंडळी गिरणाऱ्याच्या पलीकडे कच्च्या रस्त्यांना लागतात आणि दर वेळी विचारतात, यादवदादा, तुम्ही का येत नाही? गुडघ्याचं निमित्त सांगून मी सुटतो. आज लाइट गेली आहे आणि तुम्हीही उठायच्या घाईत दिसत नाही, म्हणून खरं काय ते सांगतो.

गोष्ट दोन हजार सहा सालची. मी सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होतो आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, आशाचा नवरा लखन तिथेच इन्स्पेक्शनला होता. हे स्थळ घरी मीच सुचवलं होतं. नात्याने मेव्हणा, पण वागायला मित्रच. त्या वर्षी एक मशीन बसवायला डेन्मार्कहून एक इंजिनियर आला होता. उंच, अबोल माणूस. जेवणाच्या सुट्टीत तो आम्हाला त्याच्या गावाकडचे फोटो दाखवायचा. समुद्राकाठची सपाट शेतं, त्यांतून गेलेले खडीचे पांढरट रस्ते आणि त्या रस्त्यांवर सायकली. तिकडे म्हणे लोक चांगला डांबरी रस्ता सोडून हौसेने खडीवर जातात. आम्ही सगळे हसलो. आपल्याकडे डांबर शोधावं लागतं, खडी नाही. पण लखनच्या डोक्यात ते बसलं. माणूस परत गेला आणि महिन्याभरात आम्ही दोघांनी इंदिरानगरच्या दुकानातून जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेतल्या. माझी काळी, त्याची लाल. त्याला हँडल हाताला टोचायचं, म्हणून मी माझ्या हाताने त्यावर निळी टेप गुंडाळून दिली होती.

येत्या सव्वीस जानेवारीला कारखान्यातल्या मुलांना घेऊन कच्च्या रस्त्याने वाघेऱ्याकडे जायचं ठरत होतं. त्याआधी रस्ता बघून यावा म्हणून एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघे निघालो. आशाला दिवस गेले होते. दारात उभी राहून म्हणाली, "जेवायला घरी या दोघं. मी थांबणार आहे."

धरणाच्या पाण्यावर धुकं होतं. गिरणाऱ्यापर्यंत द्राक्षबागांवरच्या औषधाचा उग्र वास येत राहिला. मग बागा संपल्या, नागलीची कापलेली खाचरं लागली आणि एका वळणावर डांबर सुरीने कापल्यासारखं थांबलं. पुढे लाल मुरूम. टायरखाली तो भाजलेल्या पापडासारखा चुरचुरत होता. लखन खूश होता. "हेच, दादा," म्हणाला. "हाच आवाज हवा होता."

पहिल्या वस्तीशी मोरीच्या कठड्यावर एक माणूस बसला होता. समोर त्याचे बैल चरत होते. नाव सोमा, हे नंतर कळलं. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला.

"आज परत?" त्याने मला विचारलं.

"आम्ही पहिल्यांदाच येतोय," मी म्हणालो.

"गेल्या शनवारी आलते की." त्याने आधी माझी सायकल पाहिली, मग लखनची. लखनकडे मात्र तो बराच वेळ बघत राहिला. "ह्याच सायकली."

लखन हसला. मीही हसलो. सोमा हसला नाही. आम्ही लांब जाईपर्यंत तो रस्त्याच्या मधोमध उभा होता.

त्यापुढे विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. त्यांचं बोलणं लांबून ऐकू येत होतं. आम्ही जवळ आलो तसं ते बंद झालं. एकीने अर्धाच भरलेला हंडा उचलला आणि ती घराकडे चालू लागली. बाकीच्या मला बघत होत्या. फक्त मला.

रस्त्यावरचं शेवटचं घर भागीबाईचं. कुडाच्या भिंती, अंगणात नागलीच्या पेंढ्याची उडवी. म्हातारी पेंढा उपसत होती. आम्ही पाणी मागितलं. तिने तांब्या आणून लखनच्या हातात दिला, त्याच्या दंडाला हात लावला, तो जरा दाबून बघितला. तो प्यायल्यावर तिने तांब्या पुन्हा भरला आणि माझ्यासाठी अंगणातल्या दगडावर ठेवून ती मागे सरकली.

मला काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या लोकांना असे तांबे ओळखता येतात. पण ही बाई आमचं नावगाव विचारायच्या आत हे करत होती, आणि लखन माझ्याच समाजाचा. मग त्याच्या हातात का, आणि माझ्यासाठी दगडावर का? मी पाणी प्यायलो. तोवर तिने लखनला वाट दाखवायच्या निमित्ताने घराच्या मागे नेलं होतं. तिचं कुजबुजणं कानावर येत होतं, शब्द लागत नव्हते.

लखन परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू पुसलं गेलं होतं.

"काय म्हणत होती?"

"काही नाही... रस्त्याचं." त्याने सायकल हातात घेतली, पण बसला नाही. "तुम्ही पुढे चला, दादा."

एरवी पुढे तोच असायचा. मी पुढे झालो.

तिथून रस्ता साग आणि करवंदीच्या जाळ्यांतून खाली पाण्याकडे उतरत जातो. ऊन चढलं होतं, तरी खाली गारवा होता आणि कुजलेल्या पाल्याचा, चिखलाचा वास. माझ्या टायरचा आवाज आणि मागे त्याच्या टायरचा. मी हळू झालो की तो हळू व्हायचा. मी थांबलो की तो लांबच थांबायचा. असं दोनदा झाल्यावर मी सायकल आडवी घातली.

"लखन, काय सांगितलं तिने?"

त्याने हँडलवरच्या टेपवरून अंगठा फिरवला.

"म्हणाली... गेल्या शनिवारी आपण दोघं खाली गेलो. दिवस मावळायला एकटाच वर आला." त्याने मान वर केली. "तुम्ही."

"आणि तू?"

"मला म्हणाली, तू जिता हाय, बरं वाटलं बघून."

मी सायकल पुन्हा सरळ केली.

"म्हातारी आहे. दुसरे कोणी तरी असतील," मी म्हणालो.

"गेल्या शनिवारी मी घरी होतो," तो म्हणाला. "आशाला विचारा. तुम्ही कुठे होता, दादा?"

मी सायकल दुरुस्तीला टाकली होती. ती आणायला गेलो तर दुकान बंद निघालं, म्हणून दिवसभर बाहेर कट्ट्यावर वाट बघत बसलो होतो. हे मी त्याला सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच ते बनवून सांगितल्यासारखं वाटलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाला, "तुम्ही पुढे चला."

"माघारी जाऊ," मी म्हणालो.

"आता खालपर्यंत जाऊनच येऊ... म्हणजे संशय नको."

उतारावर मी ब्रेक धरून चाललो होतो. मागे त्याची चेन खडखडत होती, ती मला नीट ऐकू येत होती. मग रस्त्याला दोन फाटे फुटले. मी पाय टेकला. कुठे वळावं या विचारात असतानाच मागून अगदी सहज आवाज आला, "डावीकडे."

लखनचाच आवाज. मी डावीकडे हँडल वळवलं आणि मग माझ्या लक्षात आलं, याला कसं माहीत? हा तर इथे कधी आलेला नाही.

मी मागे बघितलं. रस्ता रिकामा होता. वरच्या वळणापर्यंत ऊन पडलं होतं आणि त्यात कोणीही नव्हतं.

मी हाका मारल्या. वर वळणापर्यंत जाऊन आलो, उजवा फाटा थोडा पाहून आलो. शेवटी चालतच वर भागीबाईच्या घराकडे निघालो. सायकल हातात होती. एकटा वर चाललोय हे मला पक्कं ठाऊक होतं. ती ते बघणार हेही ठाऊक होतं.

ती अंगणाच्या कडेला उभी होती. सोमाही तिथे येऊन बसला होता.

"दुसरा कुठंय?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

"इथून वर नाही गेला?"

"मी हितंच हाय सकाळपून. कुणी नाय गेलं."

सोमाने माझ्या सायकलचं हँडल धरलं. मला पळू द्यायचं नव्हतं त्याला. वस्तीवरची आणखी माणसं आली आणि आम्ही सगळे खाली उतरलो. डाव्या फाट्याच्या शेवटी, पाण्याच्या काठाला, उंबराच्या झाडाला लखनची लाल सायकल नीट टेकवून ठेवलेली होती. हँडलवर निळी टेप. पाणी हलत नव्हतं. माणसांनी बांबू घालून काठ पाहिला, दोघे पोहून आले. काही मिळालं नाही. कोणी मला शिवी दिली नाही की हात लावला नाही, पण कोणी माझ्याशी बोललंही नाही.

सायकल सोमाच्या पडवीत ठेवली. मला घेऊन ते गिरणाऱ्याला आले. पोलिसांत जायच्या आधी घरी सांगू द्या, एवढं मी मागून घेतलं आणि मोबाइलला रेंज नव्हती म्हणून बूथवरून आशाला फोन लावला. तिला काय आणि कसं सांगायचं ते जुळवतच होतो.

"दादा, कुठे राहिलास?" ती म्हणाली. "हे केव्हाच आले. वाट बघून जेवले, आता झोपलेत."

मी बूथच्या पायरीवर बसलो. सोमाला सांगितलं. पोलिसांत जायचं कारणच उरलं नव्हतं. माझा नंबर त्याला कागदावर लिहून दिला आणि म्हणालो, सायकल राहू दे, मी नेईन.

संध्याकाळी गंगापूर रोडला आशाच्या घरी पोचलो. व्हरांड्यात लखनची लाल सायकल उभी होती. मी वाकून बघितलं. हँडलवर निळी टेप होती, आणि टोकाला मी मारलेली गाठ.

लखन उठून बाहेर आला. डोळे झोपेने जड.

"मी घाबरलो, दादा. रागावू नका. वळलो आणि आलो."

"कोणत्या रस्त्याने?"

"आलो त्याच रस्त्याने." थोडं थांबून म्हणाला, "दुसरा आहे कुठे?"

खाली सापडलेल्या सायकलबद्दल मी बोलणार होतो. पण आशा चहा घेऊन आली, हसत होती, आणि मी कप हातात घेतला. पुढेही मी ते त्याला सांगितलं नाही. तिलाही नाही. पुढच्या शनिवारी एसटीने जाऊन सोमाच्या पडवीतली सायकल पाहून आलो. तीच सायकल, तीच गाठ. सोमा म्हणाला, घेऊन जा. मला हात लावावासा वाटला नाही. कोणी विचारायला आलं तर कळव, एवढं सांगून निघालो.

लखन बदलला असं मी म्हणणार नाही. कामाला वेळेवर यायचा, आशाला जपायचा, आधीपेक्षा जास्तच जपायचा. व्हरांड्यातली सायकल त्याने भंगारवाल्याला दिली. त्याच्या लहानपणीच्या, आमच्या जुन्या गोष्टी मी मुद्दाम काढायचो. तो एकही चुकायचा नाही. फक्त उत्तर द्यायच्या आधी जरासा थांबायचा, पाठ केलेलं आठवावं तसा. आणि मी त्याला बघत असलो की तोही मला बघत असायचा. कारखान्यात आम्ही एका टेबलावर जेवायचं सोडलं. कोणी कोणाला कारण विचारलं नाही.

उन्हाळ्यात आशाला मुलगी झाली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे बसलो होतो. आशा आत कपड्यांच्या घड्या घालत होती. खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात लखन मुलीला खांद्यावर घेऊन थोपटत होता. माझा मोबाइल वाजला. गिरणाऱ्याच्या कॉइन बॉक्सवरून सोमा.

"यादवभाऊ... तुमचे पाव्हणे आलते सकाळी."

"कोण पाहुणे?"

"तेच. लाल सायकलवाले. लय वाळलेत, भाऊ. पायात काय नाय. म्हनले, घरी जायचं हाय, वाट घावत नाय..." त्याचा श्वास ऐकू येत होता. "सायकल मागितली. मी दिली. वरचा रस्ता दावला. पन ते खालीच गेले."

मी एक शब्दही न बोलता फोन बंद केला. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि मुलीच्या पाठीवर लखनच्या हाताचा, एका लयीत. त्या कोपऱ्यात फोनमधलं बोलणं ऐकू जाणं शक्य नव्हतं.

त्याने मान वर केली नाही. थोपटणंही थांबवलं नाही.

"मग... नेली का त्याने सायकल?" तो म्हणाला.