एक अंगावर, एक दोरीवर

गाडीवर काय चढलं:

पंजाबरावांच्या चार पेट्या. पहिलीत मखमली कोट, जरीकाठी उपरणी आणि पाच पागोटी. दुसरीत अंगरखे, किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिसरीत धोतरं. चौथीत जोडे, आणि जोडे पुसायचे रुमाल.

माणिकबाईची एक पेटी.

पोरांची तीन गाठोडी, प्रत्येक उशीएवढं.

"मालक, बैल दोनच हायेत," नत्थुजी गाडीवान म्हणाला. "काही कमी करता आलं तं पाहा."

"अकोल्यात व्यापाऱ्यांत बसाचं हाये मले," पंजाबराव म्हणाले. "अंगात नुसती बंडी घालून बसू काय?"

चार वर्षं समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालू होती आणि तिच्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. भातकुलीच्या पंजाबरावांनी त्या चार वर्षांत कपडेच कपडे केले. आता अकोल्यात अडतीचं दुकान टाकायचं, शेती दुसऱ्याला लावून द्यायची आणि सगळ्यांनी तिकडेच राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

सगळ्यांनी म्हणजे त्यांचा तेरा वर्षांचा खुशाल, अमरावतीच्या शाळेला सुटी लागली म्हणून आलेला. त्याची धाकटी बहीण मैना; दोघांची आई मागेच वारली होती. आणि मैनाच्या मागे उभी असलेली बारा वर्षांची सुभद्रा, त्यांची चुलतबहीण. सुभद्राचे बाबा, उत्तमराव, पौषात तापानं गेले. माणिकबाई ही तिची आई.

माणिकबाई आता दोनच लुगडी वापरत असे, दोन्ही बिनकाठाची. एक अंगावर, एक दोरीवर. रंगीत लुगडी त्या दिवसापासून कुणी पाहिली नव्हती.

"मग काकूच्या पेटीत काय हाये?" मैनानं विचारलं.

ती पेटी नत्थुजी आणि खुशाल, दोघांनी मिळून कशीबशी वर चढवली होती.

*

बडनेऱ्याच्या पुढे रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. पुढे कापसाच्या गाड्या, मागे कापसाच्या गाड्या. कुणी गाणं म्हणत नव्हतं. बाभळींवर उडालेला कापूस अडकून मळकट झाला होता.

पाणी पाजायला बैल सोडले की भुऱ्या बैल गाडीच्या मागच्या बाजूला यायचा. मान लांब करायचा. पंजाबरावांच्या चारही पेट्या हुंगायचा आणि सोडून द्यायचा. माणिकबाईच्या पेटीशी आला की फट चाटत उभा राहायचा.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा सुभद्रानं खुशालच्या पाठीत बोट रुतवलं.

"पाह्य."

"मिठाचा वास येत असंन," खुशाल म्हणाला. "घामाचा."

"घाम तं तुह्या बाबाच्या पेटीले जास्त लागला पाहिजे. दिवसातून तीनदा अंगरखा बदलतात."

"बैलाले लुगडी आवडत असतीन," मैना म्हणाली.

"अवो शाहाणे, बैलाले काय आवडते?" सुभद्रानं विचारलं.

वऱ्हाडातल्या पोरांना हे शाळेत शिकवावं लागत नाही. ढेप, म्हणजे पेंड, आवडते. आणि त्याहून जास्त, सरकी.

पण लुगड्यांच्या पेटीत कपाशीचं बी कशाला?

*

मूर्तिजापूरच्या धर्मशाळेत दुपारचा मुक्काम पडला. नत्थुजी समोरून आलेल्या गाडीवानांशी बोलून परत आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"काटेपूर्णा नदीची वाळू फार उकरली हाये म्हणतात. कापसाच्या गाड्यांनी पार भुसा केला. एक पेटी तरी इथं ठेवा लागंन, मालक."

पंजाबराव बाजेवर आडवे झाले होते. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"तिची ठेव. ओट्यावर. मंग कोणाले तरी पाठवू."

"अन् कोणी नेली तं?"

"नेली तं नेली. तिले आता कायचं नेसणं हाये?"

माणिकबाई खांबाआड उभी होती. तिनं ऐकलं. पण पंजाबराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही ही घराची रीत, आणि ते तिच्याशी बोलले तरी पोरांमार्फत बोलत. ती तशीच विहिरीकडे गेली आणि धुतलेलंच लुगडं पुन्हा धुऊ लागली.

सुभद्रा तिच्या मागे गेली, आणि सुभद्राच्या मागे खुशाल आणि मैना.

"माय, पेटीत सरकी हाये ना?"

माणिकबाईचे हात थांबले.

"कोणी सांगतलं?"

"भुऱ्यानं."

माणिकबाईनं कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली. गाडी विहिरीशीच सोडलेली होती.

पेटीत एकही लुगडं नव्हतं. होती ती गाठोडी, अकरा. हिरव्या, जांभळ्या, अंजिरी कापडात घट्ट बांधलेली, वर कडुनिंबाचा पाला. तिनं आपली लुगडी फाडून बियाणं भरलं होतं.

"हिरव्यात विहिरीजवळच्या वावराचं," माणिकबाई हळू आवाजात सांगू लागली. "जांभळ्यात नाल्याकडचं. रंगावरून वळखू येते. तुह्या बाबानं नऊ वर्षं एकेक झाड निवडलं, लांब धाग्याचं. हातानं सरकी काढली. ते गेले, अन् घरी राह्यलेलं एक पोतं बैलायले घातलं भासऱ्यायनं. म्हणे, कापूस तो कापूस, धागा कोण पाह्यते. मंग मी उरलेलं लपवलं."

लाल कापडाचं गाठोडं सगळ्यात लहान होतं. ते कापड सुभद्रानं ओळखलं. आईच्या लग्नातलं.

"याच्यात?"

"सगळ्यात लांब धाग्याचं. वंजळभर हाये."

"काकू, लग्नाचं लुगडं फाडलं?" मैनाचा आवाज रडवेला झाला.

"माह्या अंगावर रंग चालत नाही, बाई. बियाण्यावर चालते."

धर्मशाळेतून पंजाबरावांचं घोरणं ऐकू येत होतं.

"ही पेटी इथं राह्यली तं बाबा पुन्हा मेले," सुभद्रा म्हणाली.

खुशाल उठला. बापाच्या कपड्यांची जबाबदारी त्याच्याकडे होती. कपडे सारखे बदलायचे म्हणून पंजाबराव आपल्या पेट्यांना कधी कुलूप लावत नसत.

"माह्या बाबानं काय म्हटलं?" त्यानं विचारलं.

"काकूची पेटी ठेवा म्हटलं," मैना म्हणाली.

"पेटीच ना? आतलं कोण बोललं?"

माणिकबाई पाठ फिरवून लुगडं पिळत बसली. ते पिळून होईस्तोवर मखमली कोट, उपरणी आणि पाच पागोटी तिच्या पेटीत गेली होती, आणि अकरा गाठोडी पंजाबरावांच्या पहिल्या पेटीत.

चार वाजता पंजाबराव उठले. स्वतः उभं राहून त्यांनी माणिकबाईची पेटी ओट्यावर ठेवून घेतली.

*

पोरांनी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. मखमल हलकी असते. सरकी जड.

दुसऱ्या दिवशी काटेपूर्णेच्या पात्रात मधोमध गाडी बसली. चाकं आऱ्यांपर्यंत वाळूत. भुऱ्या गुडघ्यांवर आला. मागच्या गाडीवानांनी आरडाओरडा सुरू केला.

"एक पेटी कमी करूनही असं?" पंजाबराव ओरडले. "वरची काढ. फेक तिकडं."

वरची, म्हणजे पहिली. नत्थुजीनं पेटीला हात घातला. वजन पाहिलं. मग त्यानं भुऱ्याच्या नाकाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

"थे नाही निघत, मालक. दोरात अडकली हाये."

"बाबा," खुशाल पुढे झाला, "पेटी कायले फेकता? बाकीच्या पेट्यांतले कपडे आमी अंगावर घालतो, अन् पायी चालतो. गाडी हलकी होईन, अन् काही जाणार नाही."

पंजाबरावांना यात खोट काढता येईना.

खुशालनं घातले: सहा अंगरखे. मैनानं: गळ्यात बांधलेले दोन जोडे आणि डोक्यावर धोतरांचा ढीग, त्यात ती दिसेनाशी झाली. सुभद्रानं: चार अंगरखे, बाह्या वाळूत लोळणाऱ्या. पंजाबरावांनी: उरलेले सगळे. वैशाखाचं ऊन. मागचे गाडीवान हसायला लागले आणि हसता हसता चाकांना हात द्यायला आले. माणिकबाई खाली उतरली, पदर खोचला आणि भासऱ्यांच्या देखत चाकाला खांदा लावला.

गाडी हलली.

पलीकडच्या काठावर पंजाबराव खाली बसले. त्यांच्या अंगावर नऊ अंगरखे होते आणि श्वास पुरत नव्हता. मैनानं त्यांना पाणी दिलं.

"कपडे जड असतात, बाबा," ती म्हणाली. ती चिडवत नव्हती. तिची मान दुखत होती.

*

अकोला. बाजार.

मोजमापाचे काटे लटकलेले, पण खाली कुणी उभं नव्हतं. कापसाचे ढीग तसेच. लढाई संपली, अशी खबर मुंबईहून आली होती, आणि आठ दिवसांत भाव कोसळला होता. ज्या व्यापाऱ्याच्या भरवशावर पंजाबराव आले होते, त्याच्या दाराला कुलूप होतं.

"दुसऱ्याकडे जातो," बिऱ्हाडी पोचल्यावर ते म्हणाले. "खुशाल, मखमली कोट काढ."

खुशाल हलला नाही. मग त्यांनी स्वतःच पहिली पेटी उघडली.

हिरवं. जांभळं. अंजिरी.

"हे काय हाये?"

"बाबाचं बियाणं," सुभद्रा म्हणाली. "तुमचा कोट मूर्तिजापुरात ओट्यावर हाये. तुमीच ठेवाले लावला. अदलाबदल मी केली."

"मी केली," खुशाल म्हणाला.

"मी पाला उचलला," मैना म्हणाली.

पंजाबरावांचा हात वर गेला. मग तो लाल गाठोड्यावर उतरला. गाठ त्यांनी सोडली. एक बी उचललं, त्याला चिकटून राहिलेला धागा दोन बोटांत धरून हळूहळू ओढला. उत्तमराव लहानपणापासून असंच करायचे, मोठ्या भावाच्या नाकासमोर धरून. पंजाबराव ओढत राहिले. धागा संपेना.

"हे लुगडं..." ते म्हणाले. उत्तमरावांच्या लग्नात तेच तर वडीलकीनं उभे होते.

संध्याकाळपर्यंत ते पेटीजवळून उठले नाहीत. नत्थुजी बैलांना पाणी पाजून आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"भुऱ्याले माहीत होतं, मालक. माणसायपेक्षा पोट्ट्यायनं अगोदर वळखलं. हुशार हायेत."

"हुशार हायेत," पंजाबराव म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, पण शब्द खरा होता. मग त्यांनी भिंतीकडे पाहत सांगितलं, "सुभद्रे, तुह्या मायले सांग. मृगाच्या आत भातकुलीले पोचलं पाहिजे. वावर कोणाले लावून देत नाही. मीही येतो. एका गाठोड्यानं."

माणिकबाई दाराआडून ऐकत होती.

*

परत जाताना गाडीवर काय चढलं:

बियाण्याची पेटी. बाकीच्या तीन अकोल्यातच राहिल्या. पाच गाठोडी, प्रत्येक उशीएवढं.

मूर्तिजापूरचा ओटा रिकामा होता. पुढे वाटेत एक गाडीवान भेटला, अंगात फाटकी बंडी आणि डोक्यावर जरीचं पागोटं. पंजाबरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. नत्थुजीनं बैलांना हाक दिली.

गाडीच्या मागे दोरीवर माणिकबाईचं लुगडं वाळत होतं. त्याच्या शेजारी पंजाबरावांचं धोतर.

"काकू," मैनानं विचारलं, "बी पेरून झालं की लाल कापडाचं काय करशीन?"

"धुऊन ठेवीन."

"कायले?"

माणिकबाईनं भुऱ्याचं तोंड पेटीपासून बाजूला सारलं.

"पुढच्या बियाण्याले," ती म्हणाली.