रिकाम्या चांदीवरचा उजेड

बायको गेल्यावर पाच महिन्यांनी तिच्या प्रयोगशाळेतून निरोप आला: संगणकावरचं तिचं खातं बंद करायचंय, वारसाची सही लागेल. सह्या घेण्या-देण्यातच माझी हयात गेलेली. पेन खिशाला लावून दुपारी गेलो.

घरात संशोधक ती, मी कारकून. रेणू म्हणजे काय हे तिनं मला भाजी चिरता चिरता समजावलं होतं. संगणकात ती चांदीचा सपाट पृष्ठभाग मांडायची, समोर एक रेणू ठेवायची आणि त्यावर प्रकाश सोडायची. रेणू चांदीजवळ सरकला की उजळतो. फारच जवळ गेला तर विझतो. त्याचा सगळा उजेड चांदी गिळते. "संसाराचंही तसंच," असं म्हणून ती मला स्वयंपाकघरातून हाकलायची.

तिला ताई म्हणणाऱ्या सहकारी बाईनं दार लावून घेतलं. "भाऊजी, बसा. सही नंतर."

माझ्या बायकोचा शेवटचा लेख पुरा करायला या बाईनं तिच्याच खात्यातून नुसत्या चांदीचं गणित चालवलं होतं. समोर रेणू नाही, काही नाही, तुलनेपुरतं. पडद्यावर सपाट रेघ यायला हवी होती.

रेघेवर उंचवटा होता.

"रेणू काढायचा राहिला असेल," मी म्हणालो. कारकुनाला भूत दिसलं तरी तो आधी नोंदीतली चूक शोधतो.

"चारदा चालवलं. चारही वेळा समोर कुणीतरी आहे... आणि दरवेळी जवळ. पाच नॅनोमीटर, चार, तीन. काल दोन."

खोली गार होती. यंत्रांची एकसुरी घरघर, तापलेल्या धुळीचा वास. चार रेघा, चार उंचवटे, प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच, म्हणजे उजळ.

"पुन्हा चालवू?" ती कुजबुजली. "पण एकवर आल्या तर... विझतील, भाऊजी."

मला बघायचं होतं. पाच महिने मी पलंगाच्या माझ्याच कडेला अंग चोरून झोपतोय. मला फार बघायचं होतं.

"नको," म्हणालो. "आहे तिथं राहू दे तिला." आणि सही केली. खातं माझ्यासमोर बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"भाऊजी, बंद खात्यातून निकाल आलाय. मी काहीच चालवलं नव्हतं."

"विझली?"

"नाही. अंतर दोनच आहे... पण उजेड आता चांदीच्या पलीकडून येतोय."

"पलीकडे काय असतं?"

"काही नसतं, भाऊजी... पलीकडची बाजू ताईंनी मांडलेलीच नाही."