निळ्या दोऱ्याची पिशवी

हसायचं असेल त्यानं आत जाऊन झोपावं. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या भावाच्या घरची आहे.

त्या बुधवारी, अमावास्येच्या आदल्या रात्री, साडेदहाच्या सुमाराला दादा सायकल काढून निघाला. काम साधंच होतं. प्रयोगशाळेतलं एक गाठोडं घरी आणायचं आणि जाळून टाकायचं.

गाठोड्यात कापडी पिशव्या होत्या. दादा उंदीर पकडायचा. घरातले नव्हे, रानातले. संध्याकाळी बांधाच्या कडेनं पत्र्याचे पिंजरे लावायचा, उजाडताना सापडलेला उंदीर पिशवीत उलटायचा, तोंड बांधायचा आणि मोठ्या साहेबांकडे न्यायचा. साहेब त्याचं रक्त काढायचे आणि आत कुठला नवा विषाणू दडलाय का ते शोधायचे. रिकाम्या पिशव्या तिथल्याच वाफेच्या यंत्रात घालायच्या, बाहेर न्यायच्या नाहीत, असा नियम. यंत्र बिघडलं. साहेब म्हणाले, "अरे, बायकोकडे दे. देईल उकळून."

वहिनीनं दिल्या उकळून. पण आत लेंड्या वाळलेल्या असायच्या, म्हणून मागच्या पायरीवर पिशवी उलटी करून ती आधी झटकायची. फट्. फट्. मग पाण्यात टाकायची. उंदरांनी पाडलेली भोकं निळ्या दोऱ्यानं रफू करायची. मला म्हणायची, "ताई, माझ्या सवतीला शेपटी आहे बरं का! नवरा रात्रंदिवस तिच्या मागे, आणि तिची धुणी माझ्या गळ्यात."

कोरडं झटकलं की धूळ उडते आणि छातीत जाते, हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांच्या दारावर तशी पाटीच होती. वहिनीला कुणी सांगितलं नाही.

ताप आला. मग श्वास पुरेना. आठवड्याच्या आत गेली. तिच्या रक्तात नवाकोरा विषाणू सापडला, रानातल्या उंदरांत होता तोच. साहेबांचा फोटो पेपरात आला. विषाणूचं बारसंही झालं. ज्या ओढ्याकाठी उंदीर धरले त्या ओढ्याचं नाव ठेवलं त्याला. वहिनीचा उल्लेख 'एक महिला' एवढाच.

मग चौकशी लागली. गुरुवारी सकाळी चौकशीच्या बाई येणार होत्या. साहेबांनी दादाला पढवलं, "सांग, बायकोनं पिशव्या परस्पर उचलल्या. फडकी करायला. नाहीतर तुझीही नोकरी जाईल आणि माझीही." म्हणजे जिवानं गेली ती गेली, वर चोर ठरायची. आणि उरलेल्या पिशव्या त्याआधी नाहीशा व्हायला हव्या होत्या.

दादानं मागच्या अंगणात गाठोडं सोडलं. रॉकेल ओतलं, काडी ओढली. सगळ्या जळाल्या. राख काठीनं ढवळून पाहिली. आत येऊन कडी लावली.

फट्.

मांजर असेल, असं वाटलं त्याला.

फट्. फट्.

खिडकीतून पाहिलं. पायरीवर कुणी नव्हतं. दोरीवर एक पिशवी होती. उलटी केलेली. खाली थेंब गळत होते.

बाहेर जाऊन त्यानं ती ओढली, निखाऱ्यावर टाकली. ओली पिशवी, पण भसकन पेटली. राख झाली. तो वळला.

दोरीवर पिशवी. तीच. तेच निळं रफू.

"अगं..."

नुसता श्वास. पायरीजवळून. तोकडा. दवाखान्यात शेवटी शेवटी घेत होती तसा.

थांबला.

परत सुरू झाला...

थांबला.

उजाडेपर्यंत दादा राखेपाशी बसून होता.

हे सगळं त्यानं दुपारी मला सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं, "मग? सकाळी काय बोललास?"

तो भिंतीचा पोपडा नखानं खरवडत राहिला.

"दादा, बाईंपुढे काय बोललास?"

"साहेबांनी सांगितलं तेच."

एवढं बघून, एवढं ऐकून, तेच! मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मागचं दार उघडलं. दोरीवर पिशवी होती. मी हात लावला आणि मागे घेतला. चटका बसला. नुकती उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी. घरात गॅस थंड, नळ कोरडा.

ती तशीच घेऊन मी प्रयोगशाळेकडे धावले. चौकशीच्या बाई गाडीत बसत होत्या. मी पिशवी त्यांच्या नाकासमोर धरली. "बाई, ही बघा. चोरलेल्या फडक्याला कुणी इतकं जिवापाड रफू करतं का?"

त्यांनी टाके पाहिले. बराच वेळ पाहिले. कळलं त्यांना, माझी खात्री आहे. मग म्हणाल्या, "नवऱ्यानंच सही दिलीय हो. आता मी काय करू?" आणि काच वर केली.

साहेब अजून तिथंच आहेत. दादाही. आमचं बोलणं नाही.

पिशवी त्या समोरच्या खिळ्यावर टांगली आहे. किती उन्हाळे गेले. भिंतीवर दिवसभर ऊन असतं, दगड तापतो. जा, हात लावून बघा. घाबरू नका, तिनं तुमचं काही घेतलेलं नाही.

वाळत नाही.

आणि खालची बादली बघा. आज सकाळीच रिकामी केली होती मी.